सासूबाईंसाठी प्रार्थना

१ जून, रविवार

आज चर्चमध्ये खोटं बोललो. ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून निघालं आणि आता ते परत आत घालता येत नाही.

गुरुवारी बायको घर सोडून तिच्या आईकडे गेली. मी कामावर होतो. संध्याकाळी आलो तर टेबलावर चिठ्ठी. "आईकडे जाते आहे. परत येईन असं धरून चालू नका. तिथे मला बरं नाही असं म्हणता येतं. गॅस खालूनही बंद केला आहे." तेवीस वर्षांचा संसार, आणि शेवटची ओळ गॅसची.

तिसऱ्या ओळीचा अर्थ लागलेला नाही. मी तर रोज विचारत होतो. कामावर निघताना, दारात चपला घालता घालता, न चुकता: "बरं आहे ना?" ती म्हणायची, "आहे." यात माझं काय चुकलं?

आज बाकावर एकटा बसलो. शेजारची जागा मोकळी दिसू नये म्हणून तिथे गीतांचं पुस्तक ठेवलं. उपासना संपल्यावर दारात मेट्रनबाईंनी गाठलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पूर्वी मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या, आता काठी टेकत चालतात. पण नजर अजून ड्यूटीवर आहे. म्हणाल्या, "आज एकटेच?"

"हिच्या आईला लकवा मारलाय. डावी बाजू गेली."

डावीच का, देव जाणे. माझा धंदा मापाचा, त्यामुळे खोटंही मापात आलं असावं. मागेच पाळक उभे होते. त्यांनी तिथल्या तिथे माझा हात धरला, डोळे मिटले आणि सासूबाईंसाठी प्रार्थना केली. त्यांचा हात ऊबदार होता. शेवटी मी आमेन म्हणालो.

४ जून, बुधवार

दिवसभर काम. एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे माझी खोली आहे, तिथे मी कवळ्या बनवतो. ठसा येतो, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात दात बसवायचे. माणसं सहसा दिसत नाहीत, नुसत्या हिरड्या दिसतात. मला ते बरं पडतं.

दुपारी सासूबाईंना फोन लावला. चार तासांच्या अंतरावर राहतात. पहिल्या घंटीला उचलला.

"आहे इथे. बोलायचं नाही म्हणते."

"तिला सांगा की मी..."

"काय सांगू?"

काय ते मला सुचलं नाही. म्हणून विचारलं, "तुमची तब्येत कशी आहे?"

"मला काय धाड भरलीय?" म्हणाल्या आणि फोन ठेवला. आवाज खणखणीत होता.

८ जून, रविवार

पाळकांनी प्रार्थनेचे विषय वाचले, त्यात सासूबाई तिसऱ्या. सगळ्या मंडळीनं डोळे मिटले. मी मिटू शकलो नाही, म्हणून वाकलेल्या माना बघत बसलो. नंतर ऑर्गन वाजवणारे मास्तर जवळ आले. वाळकुडा, हट्टी, सरळ माणूस. म्हणाले, "मी शुक्रवारी उपास धरणार आहे. माझी आई अशीच पडून होती." मी नको म्हणालो, तर त्यांना तो माझा संकोच वाटला.

मेट्रनबाईंनी आजही सोडलं नाही. "जेवण जातं का?"

"पातळ पातळ देतात म्हणे. गिळायला त्रास आहे."

"मी तुम्हाला विचारलं," म्हणाल्या आणि हातात डबा ठेवला.

या बाईंना संशय आला असावा. डबा म्हणजे माग काढायचं निमित्त, परत करायला जावं लागेल आणि मग उलटतपासणी. डबा धुऊन त्यांच्या दारात ठेवला, बेल न वाजवता आलो.

१५ जून, रविवार

रविवारच्या दुपारी वाईट. इतर दिवशी काम असतं. आज भांड्यातूनच उभ्या उभ्या खाल्लं, ताट कशाला भरायचं. मग रेडिओ लावला, कुणीतरी बोलतंय एवढ्यासाठी. हवामान झालं, शेतीविषयक झालं, पाहिजेत-हरवलेत झालं. सगळं ऐकलं.

मग गुडघ्यावर बसलो. "प्रभू, तिला परत आण. लोकांना कळायच्या आत परत आण." बराच वेळ हेच म्हणत राहिलो. शब्द छताला लागून खाली पडत होते. पूर्वी असं व्हायचं नाही. निदान मला तसं वाटायचं नाही.

दर दुसऱ्या रविवारी शास्त्रपाठ मी वाचतो. चौदा वर्षं वाचतोय, आवाज चांगला आहे म्हणतात. आज खोट्या साक्षीबद्दलचा भाग आला. वाचला, खणखणीत वाचला. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे ही म्हण मी गिऱ्हाइकांना हसत हसत सांगतो. आज घशात अडकली.

२६ जून, गुरुवार

आज महिना होत आला. तिनं असं का केलं याचा शांतपणे विचार करून, जे आहे ते लिहायचं ठरवलं आहे.

मी तिच्यावर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा गेले. दुसऱ्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली, न्हाणं नाही, खाणं नाही. मी दुसऱ्या शहरातला डॉक्टर शोधला, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. औषधाच्या बाटलीवरचं लेबल मी स्वतः ओलं करून सोलून काढायचो. मंडळीत सांगितलं, मणक्याचा त्रास आहे. लोकांनी मणक्यासाठी तेलं दिली. ती मी आणून तिच्या उशाशी ठेवली. म्हणजे काळजीत कुठे कमी पडलो असं नाही.

मग बरी वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात परत तसंच. तेव्हा तिच्या मनात आलं की महिला मंडळात खरं काय ते सांगावं आणि प्रार्थना मागावी. मी समजावलं. म्हटलं, लोक आज रडतील, उद्या बोलतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती म्हणाली, "मुठीत मी आहे."

औषधानं गुंगी येते, तेव्हा माणूस असं काहीतरी बोलतं. मी पांघरूण घातलं आणि कामावर गेलो.

हे सगळं वाचून पाहिलं. यात माझी चूक मला दिसत नाही. तरी पान उलटताना कुणी मागून वाचतंय की काय असं वाटून वळून पाहिलं.

६ जुलै, रविवार

महिला मंडळानं सासूबाईंसाठी शाल विणली. राखाडी, कडेला निळी. नऊ बायकांनी मिळून विणली, आणि एक टोक जरा तिरपं आहे, ते पाळकबाईंचं, असं त्यांनीच हसून सांगितलं. सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. टाळ्या झाल्या. मला बोलायला सांगितलं, तर दातखीळ बसली. लोकांना वाटलं, गहिवरून आलं.

मेट्रनबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हातारपणी डोळे पाझरतात.

शाल कामाच्या खोलीत प्लास्टरच्या पोत्यांमागे ठेवली आहे. घरी आणवली नाही.

१६ जुलै, बुधवार

आज सासूबाईंचा फोन आला. स्वतःहून, दीड महिन्यात पहिल्यांदा. मी हातातलं मेण तसंच टाकून उठलो. वाटलं, निरोप आला.

"जावईबापू, मला लकवा झालाय असं ऐकते."

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"टपालानं कार्ड आलंय. फुलाफुलांचं. खाली एकतीस सह्या. 'आपण लवकर चालू लागावं.' मी आत्ता गच्चीवर कपडे वाळत घालून आले." मग म्हणाल्या, "पाकीट तिनंच उघडलं."

महिला मंडळाच्या वहीत तिच्या माहेरचा पत्ता असतो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"आधी हसली. खूप हसली. मग खोलीचं दार लावून घेतलं, ते जेवायलाही उघडलं नाही."

मला वाटलं आता शिव्या येतील. आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या. "माझी लेक तुमच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडली होती, तेव्हा तुम्ही एकाही माणसाला तिच्यासाठी प्रार्थना करू दिली नाहीत. आणि मी धडधाकट, तर माझ्यासाठी एकतीस जण गुडघ्यावर. हे कसं, एवढं मला सांगा. मी फार शिकलेली नाही."

मी म्हटलं, "मला लाज वाटत होती."

"तिची?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. 'नाही' आलं नाही. त्यांनी वाट बघितली, मग फोन ठेवला.

त्यानंतर काम झालं नाही. एका गिऱ्हाइकाचे समोरचे दोन दात उलटसुलट बसवले, ते संध्याकाळी लक्षात आलं.

१७ जुलै, गुरुवार

होय, तिची. मला तिची लाज वाटत होती. तिची अब्रू जपतोय असं मी म्हणत होतो, पण अब्रू माझी होती. पुढे काही लिहवत नाही.

२० जुलै, रविवार

आज सगळं सांगून टाकायचं, असं पक्कं ठरवून गेलो. घरातून निघताना वाक्य पाठ केलं होतं. पाळकांनी विचारलं, "कुणाला काही सांगायचं आहे?" मी उभा राहिलो. साठेक माणसं वळून बघायला लागली. पुढच्या बाकावर ऑर्गनवाले मास्तर, उपासांनी गाल आत गेलेले.

"माझ्या सासूबाई," मी म्हणालो, "चालायला लागल्या आहेत."

कपडे वाळत घालतात, जिना चढतात, सगळं सांगितलं. सगळं खरं होतं. मास्तरांनी दोन्ही हात वर केले. पाळकांचा उपदेश ठरला होता वेगळाच, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि देव मोडलेल्या माणसांना कसं उभं करतो यावर अर्धा तास बोलले. दर पाच मिनिटांनी माझ्या सासूबाई. स्तुतीचं गीत झालं, मी आवाज चढवून म्हटलं.

बाहेर पडताना पाळकबाई म्हणाल्या, "मग आता वहिनी येतील ना परत?"

खोटं संपवायला गेलो आणि त्यात चमत्कार घालून आलो. घरी येऊन आरशात पाहिलं नाही. दाढी उद्या.

२४ जुलै, गुरुवार

मेट्रनबाई कामाच्या खोलीवर आल्या. काठी टेकत, तोंडावर रुमाल धरून. रुमालातून कवळीचे दोन तुकडे काढून समोर ठेवले. "बेशिनमध्ये पडली," म्हणाल्या, पण दात नसल्यामुळे ते कळायलाही वेळ लागला.

बेसिनमध्ये पडून कवळी अशी तुटत नाही, कडेचा टवका उडतो. ही मधोमध सरळ मोडली होती, कुणी हातानं मोडावी तशी. म्हाताऱ्या माणसांच्या हातून काय होईल सांगता येत नाही. मी म्हटलं, जोडायला दोन तास लागतील, उद्या न्या. त्या म्हणाल्या, "बसते." आणि बसल्या, प्लास्टरच्या पोत्यांशेजारच्या स्टुलावर. तोंड आत गेलेलं, हनुवटी नाकाशी आलेली. साठ परिचारिकांना धाकात ठेवणारी बाई, पण आज लहान मुलीसारखी दिसत होती. मी नजर वळवली, तर म्हणाल्या, "बघ की. मी अशीच आहे."

मला पहिल्यांदा तू म्हणाल्या.

मी तुकडे जुळवत बसलो. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ती बुधवारी माझ्याकडे यायची. दोन वर्षं. स्वयंपाकघरात बसायची, रडायची, चहा घ्यायची, जायची."

बुधवारी ती बाजाराला जाते असं मी समजत होतो. उशीर झाला की मी घड्याळाकडे बघायचो, तेवढंच.

"जायच्या आदल्या दिवशीही आली होती," त्या म्हणाल्या. "बॅग भरली आहे म्हणाली."

म्हणजे पहिल्या रविवारी, मी डावी बाजू सांगत होतो तेव्हा, समोरच्या बाईला सगळं ठाऊक होतं. हातातला तुकडा खाली ठेवावा लागला.

"मग तेव्हाच का नाही बोललात? आठ आठवडे सगळ्यांबरोबर डोळे मिटून बसत होता."

"बसत होते."

"कुणासाठी?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, एखाद्या मठ्ठ पेशंटकडे बघावं तशा. "तुझ्या सासूची तब्येत देवाला ठाऊक नव्हती का? एवढ्या सगळ्यांनी त्या घरासाठी हाक मारली. तुझ्या सासूला गरज नव्हती. तिच्या लेकीला होती, आणि तुलाही."

मी म्हटलं, "मी खोटं बोललो ती प्रार्थना देव कशी ऐकेल?"

"तुझी नाही ऐकली असेल. आमची ऐकली असेल. तू काय एकटाच आहेस का चर्चमध्ये?"

नंतर दीड तास मी घासत होतो, त्या बसून होत्या. मोटरच्या आवाजात मला रडू आलं. तोंडावर धुळीचा मास्क होता, त्यामुळे त्यांना दिसलं नसावं. कवळी बसवून पाहिली, नीट बसली. उठताना त्यांनी पोत्यांमागे नजर टाकली. "शाल तिथे आहे होय. कसर लागेल."

३० जुलै, बुधवार

सांगितलं.

बुधवारच्या प्रार्थनेला अकरा माणसं होती. रविवारपर्यंत थांबलो असतो तर धीर गेला असता. शाल बरोबर नेली होती. विषय विचारायच्या आधीच उभा राहिलो, शाल टेबलावर ठेवली आणि बोललो. सासूबाईंना काही झालं नव्हतं. लकवा मी रचला. बरं होणंही मी रचलं. बायको मला सोडून गेली आहे आणि ते सांगायला मला लाज वाटली. दोन मिनिटंही लागली नाहीत. दोन महिने त्या दोन मिनिटांना भ्यालो होतो.

पंख्याचा आवाज येत होता. मग मास्तर उठले.

"मी सहा शुक्रवार उपास केला," ते म्हणाले. "मला साखरेचा त्रास आहे. एकदा चक्कर येऊन पडलो, ते मी कुणाला सांगितलं नाही. त्या बाईंसाठी." त्यांनी हातातलं गीतांचं पुस्तक मिटलं. "माझ्या आईसाठी तेव्हा मी केला नव्हता, म्हणून."

मी क्षमा मागितली. ते म्हणाले, "असू दे," आणि बसले. असू दे म्हणजे क्षमा नव्हे, हे मला कळलं.

कुणीतरी विचारलं, "पण वहिनी गेल्या का?"

मी सांगायला लागलो होतो. लेबल सोललेली बाटली डोळ्यांसमोर आली. थांबलो. "ते तिचं आहे," म्हटलं. "माझ्याकडचं एवढंच, की तिला काय होत होतं ते मी तिला बोलू दिलं नाही."

शालीचं काय करायचं, असा प्रश्न निघाला. मेट्रनबाई म्हणाल्या, "इकडे द्या. मला पंख्याखाली थंडी वाजते." आणि गुंडाळून बसल्या. पाळकबाईंना हसू आलं, त्यांनी ते दाबलं.

३ ऑगस्ट, रविवार

काल पाळक घरी आले. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत. चहा केला, त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "वडीलमंडळाचं ठरलं आहे. शास्त्रपाठ तूर्त तुम्ही वाचू नये."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"मी व्यासपीठावरून सांगितलं, भाऊ. अर्धा तास. त्या दिवशी एक आजारी बाई पहिल्यांदाच आल्या होत्या, त्या रडत माझ्याकडे आल्या. त्यांना आता काय सांगू?" कप थोडा दूर सरकवला. "देव क्षमा करतो, हे तुम्हालाही माहीत आहे. मला मात्र थोडा वेळ द्या."

आज शेवटच्या बाकावर बसलो. दोघांनी तोंड फिरवलं. एकानं जरा जास्तच जोरात हात हलवला, ते अधिक झोंबलं. माझ्या जागी एक शाळामास्तरीण वाचायला उभी राहिली. बारीक आवाज, अडखळत वाचलं. मी चौदा वर्षं वाचलेलाच भाग होता. आज पहिल्यांदा ऐकला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

एकटेपणा कमी झालेला नाही. खरं बोललं की घर भरतं असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं. रेडिओ तेच बोलतो, दुसरी उशी तशीच थंड.

पण एक झालं. आज सकाळी गुडघ्यावर बसलो आणि "प्रभू, मी खोटारडा आहे," एवढं म्हणालो. पुढे काही मागायला सुचलं नाही, म्हणून तसाच बसून राहिलो. छताला काही लागलं नाही. समोर कुणीतरी ऐकत असताना माणूस जसा बसतो तसा बसलो होतो. कामावर उशीर झाला. डॉक्टरीणबाईंनी कारण विचारलं, तर तोंडावर आलं होतं की बस चुकली. म्हटलं, "प्रार्थना करत बसलो होतो." त्या माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिल्या.

मेट्रनबाईंचा डबा मंगळवारी येतो. आता बेल वाजवून परत करतो. आज त्यांनी आत बोलावलं आणि स्वयंपाकघरात बसवलं. "ती कुठल्या खुर्चीवर बसायची?" मी विचारलं. त्यांनी दाखवली. मी दुसऱ्या खुर्चीवर बसलो.

२७ ऑगस्ट, बुधवार

सासूबाईंचा फोन. "शनिवारी ती येतेय, तिचं सामान न्यायला. तुम्ही घरी असलात तरी चालेल म्हणाली." जरा थांबून, "माझी तब्येत विचारायची नाही का?"

"कशी आहे?"

"आता गुडघा दुखतोय. तुमच्यामुळेच असणार," म्हणाल्या. मला वाटतं त्या हसल्या.

असलात तरी चालेल. हे वाक्य दिवसभर उलटंसुलटं करून पाहिलं.

३० ऑगस्ट, शनिवार

अकराच्या सुमारास आली. बेल वाजवली. स्वतःच्या घराची बेल वाजवून ती बाहेर उभी होती. तब्येत सुधारली आहे, चेहऱ्यावर रंग आहे. ते बघून मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाज वाटली.

तिनं कपाट उघडलं. मी दोऱ्या आणून दिल्या, बॅगा धरल्या. स्वेटर, शिवणाचा डबा, तिचं बायबल, समासात पेन्सिलनं बारीक लिहिलेलं. तेवीस वर्षांत त्या समासात काय लिहिलंय ते मी पाहिलं नव्हतं. आजही पाहिलं नाही.

घड्या घालता घालता म्हणाली, "मेट्रनबाईंचं पत्र आलं होतं. सगळं सांगितलंत म्हणे."

"हो."

"मी का गेले, तेही?"

"नाही."

"का? आता तर खरं बोलायला लागलात."

"ते तुझं आहे. सांगायचं तर तू सांगशील. नाहीतर नाही."

तिचे हात थांबले. मग तिनं तीच घडी मोडून पुन्हा घातली. "त्या कार्डावर एकतीस सह्या होत्या," ती म्हणाली. "मी प्रत्येक नाव वाचलं. वाटलं, ही सगळी माणसं होती. इथेच होती. गल्लीच्या टोकाला." रडली नाही. "मला त्यातलं एका वेळी एकच माणूस मिळालं असतं तरी चाललं असतं."

मी म्हटलं, "मला तुझी लाज वाटत होती. तुझ्यासाठी करतोय असं मी म्हणायचो, पण तसं नव्हतं."

"ते मला माहीत होतं. तुम्हाला माहीत आहे की नाही, ते कळत नव्हतं." बॅगेची चेन ओढली. "मी परत येत नाहीये."

"विचारणार नव्हतो."

"बरं झालं."

बॅगा घेऊन खाली उतरलो. इमारतीच्या पायथ्याशी शिंप्याचं दुकान आहे, त्यालाही मी जूनमध्ये लकवाच सांगितला होता. तो मशीनवरून मान वर करून म्हणाला, "वहिनी, आलात? आई कशा आहेत आता?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे बघत उभी राहिली. मला काही एक बोलून पुढे जाता आलं असतं.

"आईंना काहीच झालं नव्हतं," मी म्हटलं. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. ही आता तिकडेच राहते, माझ्यापासून वेगळी. सामान न्यायला आली होती."

शिंप्याचा पाय मशीनच्या पायडलवरच राहिला. आत एक गिऱ्हाईक उभं होतं, त्यानंही ऐकलं. माझं तोंड कानापर्यंत तापलं. शिंपी म्हणाला, "बरं बरं," आणि डोळे कापडावर नेले.

थांब्यावर पोचल्यावर ती म्हणाली, "त्यानं फक्त आई कशी आहे एवढंच विचारलं होतं."

"किती सांगायचं याचा मला अजून अंदाज येत नाही."

ती हसली. मोठं नाही, पण हसली. बस यायला वीस मिनिटं होती. आम्ही बाकावर बसलो, मध्ये बॅग. सासूबाईंच्या गुडघ्याचं विचारलं, तिनं सांगितलं. सकाळी फिरायला जाते म्हणाली, औषध घेते, तिथल्या चर्चमध्ये तिनं सगळं सांगितलंय, सगळ्या बायकांना. "काय म्हणाल्या?" मी विचारलं. "एक म्हणाली, माझ्या बहिणीलाही आहे. एकीनं बाक बदलला." खांदे उडवले. बस आली. चढताना तिनं एक बॅग माझ्या हातात दिली, वर गेल्यावर वाकून परत घेतली. बस वळेपर्यंत मी उभा होतो. तिनं एकदा मागे पाहिलं असं मला वाटलं, पण खात्रीनं सांगत नाही.

येताना वाटेत "प्रभू" एवढंच म्हणत होतो, पुढचं वाक्य येत नव्हतं. आमच्या इमारतीत मागच्या गल्लीतूनही येता येतं, तिथून आलं तर शिंप्याचं दुकान लागत नाही. त्याच्या समोरून ताठ मानेनं आलो, असं आत्ता लिहिणार होतो. मान खाली होती. पण आलो समोरूनच.